शहापूरचे बिनबोर्डाचे पेंटरमामा: हातानं कॉपी काढून घ्यायची असेल तर आधी हे वाचा

आधीच सांगून टाकतो, पाचापैकी चार स्टार. एक कुठं कापला ते पुढं येईलच, आणि तो कामाच्या सफाईवर कापलेला नाही, त्यामुळं अर्धवट वाचून मामांना फोन करून भांडत बसू नका.

दुकान बेळगावच्या शहापुरात, खडेबाजारच्या मागच्या अंगाला, जिथं अजून एखाद्या घरातनं मागाचा खटखट आवाज येतोय त्या गल्लीत. दुकानाला बोर्ड नाही. ज्या माणसानं अख्खं आयुष्य दुसऱ्यांचे बोर्ड रंगवण्यात घालवलं, मराठीतनं, कन्नडमधनं, इंग्लिशमधनं, त्याच्याच दुकानाला बोर्ड नाही. फ्लेक्स आल्यावर ते काम गेलं, आता स्वतःचा बोर्ड स्वतः रंगवायला सवड नाही आणि फ्लेक्स लावायचा तर लाज वाटते, असं त्यांचं म्हणणं (मला विचाराल तर नुसता आळस). नाव टाकू नको म्हणून त्यांनीच सांगितलंय, एकटा माणूस किती ऑर्डरी घेणार. गल्लीत पेंटरमामा म्हणून विचारा, शेंबडं पोरगंसुद्धा दार दाखवतंय.

मी काय करून घेतलं: आमच्या आज्जीच्या देवघरातली रविवर्मा प्रेसची लक्ष्मी. खानापूरच्या घरात होती, वाटणीत ती निपाणीच्या काकांकडं गेली, आणि आमच्या आईचा जीव तिच्यातच अडकलेला. मग ठरलं की ओरिजिनल काकांकडंच राहू दे, आपण कॉपी काढून घेऊया. खानापूरचा पाऊस माहीत आहे ना, चित्राची खालची पट्टी ओलीनं पार गेलेली, एका कोपऱ्यात कसर लागलेली, आणि मधे लक्ष्मीच्या साडीवर एक तपकिरी डाग पसरलेला.

पहिल्यांदा मी शहरातल्या एका डिजिटल प्रिंटवाल्याकडं गेलो होतो. बाराशे रुपयात कॅनव्हासवर प्रिंट, संध्याकाळी हातात. प्रिंट एकदम क्लियर आली, डागासकट. कसरीनं खाल्लेला कोपरासुद्धा इतका क्लियर की हात लावून बघावंसं वाटावं. मशीनची काय चूक नाही, मशीनला डाग आणि सावली यातला फरक कळत नाही, त्याच्यासमोर जे आलं ते त्यानं उचललं. पेंटरमामांकडं चित्र नेलं तर त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? किंमत नाही, साइज नाही. चष्मा कपाळावर चढवून चित्राला नाक लावलं आणि म्हणाले, "ही ओल हाय का सावली ओ?" मी म्हटलं ओल. "मग हितं सावली पण हाय खाली, बघा की, निऱ्या आत वळल्यात, ओल काढताना सावली गेली तर बाई चपटी होईल." तिथंच मी ॲडव्हान्स दिला.

नुसता फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, वस्तू आणायलाच लागते. काकांकडनं चित्र आणायचं म्हणजे केवढं राजकारण ते सोडा.

आता थोडं त्या चित्राबद्दल, कारण इथं गंमत अशी की आम्ही ज्याला ओरिजिनल म्हणतोय तीच मुळात कॉपी आहे. रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत प्रेस काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन टेक्निशियनला विकला गेला. तैलचित्रावरनं एकेका रंगाचा वेगळा दगड तयार करायचा, एकावर एक छाप मारायचे, वरनं वार्निश. म्हणजे रविवर्मांच्या हाताचा ब्रश आमच्या लक्ष्मीला कधी लागलेलाच नाही. आणि खुद्द रविवर्मा तरी तैलरंग कुठनं शिकले, त्रावणकोरच्या दरबारात आलेल्या युरोपियन पेंटरांचं काम बघून बघूनच. तेव्हा "ओरिजिनल कुणाची" या भांडणात आमच्या घराण्यानं फार शिरू नये हे बरं.

जुना छाप ओळखायचा कसा ते मामांनी दाखवलं, तुमच्याही घरात असेल तर बघा. भिंग लावलं की जुन्या दगडी छापात ठिपके वेडेवाकडे दिसतात, हातानं टिचल्यासारखे. आजच्या ऑफसेट छापात ते कवायतीला उभं केल्यासारखे एका शिस्तीत. जुन्याला वार्निशचा पिवळेपणा आणि बारीक तडे असतात, आणि खालच्या पट्टीवर बहुतेक वेळा प्रेसचं नाव. आमची नेमकी तीच पट्टी गेलेली. काही घरांतनं या चित्रांना जर, टिकल्या, खरं कापड चिकटवून साडी नेसवायचे, तसं एक चित्र मामांकडं भिंतीला आहे, जरूर बघा.

कामाची पद्धत एकदम जुनी. चित्रावर प्लास्टिकची शीट, त्यावर चौकोन पाडायचे, तेवढेच चौकोन कॅनव्हासवर, मग पेन्सिल, मग पातळ बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी रंग) सगळी सावली-उजेड आधी बसवून घ्यायचा, तो वाळला की मग रंग, थरावर थर, जवसाचं तेल जपून. हे सगळं ते बोलत बोलत करतात आणि समोर स्टुलावर बसून बघायला परवानगी आहे, फक्त फोन आला तर बाहेर जाऊन बोलायचं. खालची गेलेली पट्टी कशी भरली? पाणी आणि कमळाची पानं होती तिथं. याच चित्राची दुसरी कॅलेंडरं बघून सहज मारता आली असती. मामांनी दोन-चार कॅलेंडरं बघितली आणि बाजूला ठेवली, म्हणाले सगळ्यांनी एकमेकांची बघून काढल्यात, पान पाण्यावर बसतंय कसं ते कुणीच बघितलेलं नाही. मग त्यांच्या सासुरवाडीच्या तळ्यावर जाऊन पानांची स्केचेस करून आणली. ती पट्टी आता चित्रातला सगळ्यात जिवंत भाग आहे, आणि तरी उपरी वाटत नाही, म्हणजे प्रकाश त्याच बाजूनं पडतोय, रंग त्याच घरातला आहे. काकांनी बघितलं तेव्हा बराच वेळ गप्प होते, नंतर म्हणाले आमचं पण खालनं करून मिळेल काय.

मी कॉलेजात संस्कृत घेतलं होतं, मार्क विचारू नका. पण एक गोष्ट डोक्यात राहिलेली ती इथं उपयोगाला आली. नवव्या शतकातला आनंदवर्धन, ध्वन्यालोकवाला, तो म्हणतो एका कवीचं दुसऱ्याशी साम्य तीन तऱ्हांनी असू शकतंय. एक आरशातल्या प्रतिबिंबासारखं, एक चित्रासारखं, आणि एक दोन जिवंत माणसं एकमेकांसारखी दिसतात तसं. पहिली दोन टाळा, तिसऱ्याला हरकत नाही, कारण तिथं जीव वेगळा आहे. माझ्या बाराशेच्या प्रिंटला पहिल्या खान्यात घाला, लक्ष्मीला तिसऱ्या. त्याच्या मागनं थोड्याच वर्षांनी राजशेखर आला, घराणं आपल्या महाराष्ट्राकडचं, त्यानं तर काव्यमीमांसेत चोरीचे प्रकारच्या प्रकार मांडलेत आणि वर म्हणतो "नास्त्यचौरः कविजनो नास्त्यचौरो वणिग्जनः", चोर नसलेला कवी नाही आणि चोर नसलेला वाणी नाही, जो लपवू शकला तो सुखी. हे मामांना सांगितलं तर हसून हसून ठसका लागला, म्हणाले, "मी तर पाठीमागं लिवून देतोय की नक्कल म्हणून, म्हंजे मी कवी बी न्हवं आणि वाणी बी न्हवं."

आणि खरंच लिहून देतात. कॅनव्हासच्या पाठीवर "नक्कल", कशावरनं काढली ते, आणि साल. पुढच्या बाजूला सही करत नाहीत. कुणीतरी मधे येऊन चहाचं पाणी मारून जुनं दिसेल असं करून द्या म्हणत होता, दुप्पट पैसे देतो म्हणून, त्याला हाकलून दिलेलं मी स्वतः ऐकलंय.

दुसरी सर्व्हिस म्हणजे नाटकाचे आणि चित्ररथाचे पडदे. शिवजयंतीच्या आधी गेलात तर दुकानात पाय ठेवायला जागा नसते, गडाची तटबंदी, दरवाजा, मागं डोंगर, सगळं गल्लीत वाळत घातलेलं. खानापूर तालुक्यातल्या जत्रांना अजून गावची पोरं नाटकं बसवतात, त्यांच्यासाठी महालाचा, रस्त्याचा, जंगलाचा असे ठरलेले पडदे आहेत, भाड्यानं पण देतात. महालाचा पडदा बघून मी विचारलं हा कुठला महाल. कुठलाच नाही म्हणे. त्यांच्या वडिलांनी एका जुन्या नाटक कंपनीचा पडदा बघून काढलेला, त्या कंपनीच्या पेंटरनं अजून कुणाचा तरी बघून, आणि तिच्याही आधी कुठंतरी पारशी कंपन्यांचा चकचकाट असणारच. असा कुठंच नसलेला महाल आपल्याकडच्या गावांतनं दरसाल उभा राहतोय आणि कुणाला तो खोटा वाटत नाही.

नाटकाचा विषय निघालाच आहे तर आपल्या भागाइतका या बाबतीतला गोंधळ (चांगल्या अर्थानं) दुसरीकडं कुठं बघायला मिळायचा नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत मराठीतलं पहिलं नाटक केलं म्हणून आपण अभिमानानं सांगतो, पण ते का केलं? कर्नाटकातनं भागवत मंडळींचा खेळ सांगलीला आला होता, तो बघून राजेसाहेब चिंतामणराव पटवर्धनांनी तसलं काहीतरी मराठीत कर म्हणून सांगितलं. म्हणजे मराठी रंगभूमीचा नारळ फुटला तो कानडी खेळाच्या नकलेवर. त्याच वर्षी आपल्या बेळगाव जिल्ह्यात गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. त्यांनी पुढं पुण्यात पारशी मंडळींचं नाटक बघितलं आणि आपणही असं करायचं म्हणून १८८० साली कालिदासाचं शाकुंतल मराठीत गाण्यांसकट उभं केलं, त्यात कर्नाटकी चालीही आल्या. आणि चाक उलटंही फिरलं. मराठी कंपन्या धारवाड-हुबळी-गदगपर्यंत जाऊन इतक्या गाजायला लागल्या की गदगच्या शांतकवी नावाच्या कन्नड नाटककारांना वाटलं आपल्या कन्नडमध्ये असं का नाही, आणि त्यांनी कन्नड नाटक मंडळी काढली. आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श, मराठीतली एवढी मोठी कंपनी, ती निघाली कुठं तर १९०८ साली हुबळीत. आता सांगा कुणी कुणाचं उचललं. कट्ट्यावर बसून "हे आमचं, ते त्यांचं" करणाऱ्या दोन्हीकडच्या पोरांना एकदा मामांच्या पडद्याखाली बसवलं पाहिजे.

देवलांचंच घ्या. गोविंद बल्लाळ देवल बेळगावात शिकलेले, किर्लोस्करांचे विद्यार्थी. संशयकल्लोळची गोष्ट मूळची फ्रेंच मोलिएरची, ती इंग्लिशमधनं फिरून त्यांच्याकडं आली. पण कुणा मराठी माणसाला नाटक बघताना पॅरिस आठवतंय काय? फाल्गुनराव बघितला की शेजारच्या गल्लीतला कुणीतरी संशयी नवराच आठवतोय. गोष्ट बाहेरची असली तरी माणसं त्यांनी इथलीच घातली, लक्ष्मीच्या चित्रातल्या तळ्यातल्या पानांसारखी.

आता तक्रारीचा भाग. मामांची तिसरी सर्व्हिस म्हणजे फोटोवरनं पोर्ट्रेट, वारलेल्या आई-वडिलांची वगैरे, आणि धंदा सगळ्यात जास्त त्याच्यावरच चालतो. हे मला अजिबात आवडलं नाही. हात तोच, रंग तेच, पण इथं मामा विचार करत नाहीत. फोटो मोठा करून छापून घ्यायचा, गिरवायचा आणि वर रंग भरायचा. सगळ्यांची कातडी गुळगुळीत, सगळे दोन शेड गोरे, बायकांच्या गळ्यात आयुष्यात कधी नव्हते ते दागिने, पुरुषांना फेटा. दुकानात ओळीनं लावलेले आजोबा बघितले तर सगळे सख्खे भाऊ वाटतात. मी बोललो तसं, तर म्हणाले गिऱ्हाईकच सांगतंय गोरं करा म्हणून, मी काय करू. बरोबर आहे, पण मग साडीवरची सावली आणि ओल वेगळी करणारा माणूस आजोबांच्या कपाळावरच्या आठ्या पुसतो कशा? आणि हे तेच मामा आहेत जे आपल्या बेळगावचे चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांची पोर्ट्रेटं बघत बघत शिकलो म्हणून सांगतात. टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघात सरांच्या नावाचं दालन आहे, तिथं जाऊन एक चेहरा निवांत बघा आणि मग मामांच्या पोर्ट्रेटकडं बघा, मी काय म्हणतोय ते कळेल. चित्रकार रवी परांजपे याच सरांच्या हाताखाली तयार झाले आणि पुढं त्यांचं काम सरांसारखं दिसलं नाही, स्वतःचं दिसलं. नकलेतनं शिकून बाहेर पडायचं असतं, मामा पोर्ट्रेटच्या बाबतीत आतच बसलेत.

याच्यावर आपल्याच मातीतलं मोठं उदाहरण म्हणजे सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळीमठ. एवढंसं पोरगं असताना मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून जशाच्या तशा गायचं, लोक तोंडात बोट घालायचे, कुमार गंधर्व ही पदवी त्याच वयात मिळाली. तिथंच थांबलं असतं तर जत्रेतली एक नवलाई म्हणून विसरून गेलो असतो. पण मुंबईला देवधर मास्तरांकडं गेले, शिकले, पुढं क्षयानं देवासला अंथरुणात पडून राहायला लागलं तेव्हा माळव्याची लोकगीतं कानावर पडत राहिली, आणि उठल्यावर जे गाणं आलं ते कुठल्याच रेकॉर्डीसारखं नव्हतं. मामांच्या दुकानात दिवसभर रेडिओ चालू असतो आणि कुमारांचं काही लागलं की आवाज वाढवतात, तेव्हा हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्यांनी नुसतं ब्रश पुसत "हूं" केलं.

स्टार कापला तो मात्र पोर्ट्रेटसाठी नाही, ती आवडीनिवडीची गोष्ट झाली. कापला तो यासाठी की मोबाईलवरनं कुणा आजच्या, हयात चित्रकाराचं चित्र दाखवलं तर मामा तेही काढून देतात. रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांच्यावर आता कुणाचा कॉपीराइट नाही. आपल्याकडं चित्रकार गेल्यावर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे कॅलेंडरांवरचे देव काढणारे रघुवीर मुळगावकर १९७६ ला गेले त्यांचा हक्क २०३६ संपेपर्यंत आहे, हयात माणसाचं तर बोलायलाच नको. पाठीमागं "नक्कल" लिहिलं म्हणून ते माफ होत नाही. ज्याच्या पोटावर फ्लेक्सनं पाय दिला त्या माणसाला हे वेगळं सांगायला लागू नये. सांगितलं, पटलंय असं म्हणाले, बघूया.

कॉपी म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांसाठी एकच सांगतो. अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायला रॉबर्ट गिल नावाचा इंग्रज १८४४ पासून वर्षानुवर्षं तिथं बसला, त्याच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल या चित्रकलेच्या शाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून परत बसले, त्यातल्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. ज्या वाचल्या त्या आज सोन्याच्या मोलाच्या, कारण मधल्या काळात भिंतीवरचं चित्रच आणखी उडालं. आणि त्या नकला काढणारी पोरं आपल्याच मुंबईची होती, अजिंठ्याच्या रेषेवर हात बसवून परत गेली.

आता कामाच्या गोष्टी. माझं चित्र साधारण वीस बाय अठ्ठावीस इंच, नऊ हजार पडले, फ्रेम वेगळी. महाग वाटेल, पण किती दिवस बसून काम केलं ते मी बघितलंय. दिलेल्या तारखेला मिळणार नाही हे धरूनच चाला. आषाढ-श्रावणात ऑर्डर देऊ नका, आपल्या पावसात तैलरंग वाळता वाळत नाही, घाई केली तर थर चिकट राहतो आणि धूळ बसते. दिवाळीनंतर द्या. घरी आणल्यावर लगेच काच लावू नका, वार्निश सहा एक महिन्यांनी मारायला परत न्यायचं, त्याचे पैसे घेत नाहीत. बाहेरच्या ओल्या भिंतीवर टांगू नका, मागं बुचाचे तुकडे लावून थोडी हवा खेळती ठेवा. पोर्ट्रेट करायचंच असेल तर जाताना दोन-तीन वेगवेगळे फोटो न्या आणि "सुरकुत्या ठेवा, गोरं करू नका" असं कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं राहत नाही. अर्धे पैसे आधी, फोनपे चालतंय, सोमवारी बंद.